लग्नपत्रिकांचा खर्च प्रथमच ठरवणाऱ्यांसाठी

नमुने पाहण्यासाठी रत्नागिरीला किंवा कणकवलीला जाण्यापूर्वी आपण निमंत्रणाची यादी करावी आणि तीत माणसे नव्हे, तर घरे मोजावीत. एका घराला एक पत्रिका पुरते. मग यादीचे तीन भाग करावेत: वाडीतली आणि गावातली घरे, जिथे अक्षता घेऊन स्वतः जावे लागते, ज्यांना टपालाने पत्रिका पाठवायची ते मुंबईकर चाकरमानी, आणि ज्यांना मोबाइलवरची पत्रिका व आपुलकीचा एक फोन पुरेल असे स्नेही. छापील पत्रिका पहिल्या दोन भागांपुरत्याच धराव्यात.

सुरुवातीच्या चुका बहुधा या असतात:

- नेमक्या संख्येइतक्याच पत्रिका छापणे. ऑफसेट छपाईत प्लेटचा (मजकूर उतरवलेल्या छपाईच्या पत्र्याचा) आणि यंत्र लावण्याचा खर्च प्रती कमी असल्या तरी तेवढाच येतो, त्यामुळे मागाहून छापलेल्या 25 पत्रिका फार महाग पडतात. आधीच दहा टक्के जास्त छापाव्यात आणि कुलदैवत, ग्रामदेवता व मानकरी यांच्या पत्रिका मोजणीत विसरू नयेत.
- जड कागद निवडणे. टपालखर्च वजनावर ठरतो, म्हणून पाकिटासह नमुना तोलूनच पसंत करावा.
- प्रूफ, म्हणजे छपाईपूर्वी तपासायला मिळणारी प्रत, घाईने वाचणे. तिथी, वार, मुहूर्त आणि आडनावे घरातल्या दोघांनी स्वतंत्रपणे तपासावीत.

पाकिटे, टपाल आणि गावोगाव फिरण्याचे पेट्रोल यांची रक्कम पहिल्याच दिवशी छपाईखर्चाशेजारी लिहावी. सोनेरी फॉइल वा खास पाकिटे यांचा विचार तूर्त नको. रक्कम उरली, तर तो निर्णय प्रूफ येईपर्यंत सहज घेता येतो.