घरात ओढाताण असताना घोडा सांभाळताना

घरात पैशांची ओढाताण, त्यात रोजची भांडणं, आणि तुला घोड्याजवळच बरं वाटतं, हे मला पुरतं समजतं. जा त्याच्याकडे, पण तणतणत जाऊ नकोस; माणसाचा ताण त्याला लगेच जाणवतो. अगदी नाकासमोरचं आणि शेपटीमागचं त्याला दिसत नाही, म्हणून आवाज देत खांद्याच्या बाजूने जा. कान सैल पडले, खालचा ओठ लोंबू लागला, की तो निवांत झाला. मग खरारा कर, हवं तेवढं बोल. खुरातले खडे रोज काढ. नालबंदाची, म्हणजे खुरं तासून नाल ठोकणाऱ्याची, 6 ते 8 आठवड्यांची फेरी खर्च वाचावा म्हणून चुकवू नकोस. खुराकही अचानक बदलू नकोस, पोटशूळ उठू शकतो आणि तो जिवावर बेतू शकतो. पैसे कमी पडले तर लपवू नकोस, तबेल्यातल्या मोठ्यांना वेळेत सांग. कामाच्या बदल्यात चाऱ्याची सोय होऊ शकते.