आधी वाटी, मग महाराज

लाडक्या मनूस,

काल बाल्कनीत दिवाळीचा किल्ला करायला घेतला तेव्हा तू विचारलंस, "आई, सगळ्यात आधी मातीत वाटी का पुरलीस? महाराज तर अजून पिशवीतच आहेत!" माझे दोन्ही हात चिखलात होते आणि कुकरच्या शिट्ट्या होत होत्या, म्हणून मी नुसतं "तळं आहे ते" म्हणाले. तेवढ्याने तुझं समाधान झालं नाही, ते दिसलं मला. आता तू जोडाक्षरंसुद्धा भराभर वाचतेस, तर नीट लिहूनच देते.

आमची सहामाही परीक्षा संपली की त्याच संध्याकाळी चाळीतली सगळी पोरं किल्ल्याला लागायची. विटा आणि दगड रचायचे, वर ओलं गोणपाट टाकायचं, त्यावर चाळलेल्या लाल मातीचा चिखल लिंपायचा. उतारावर हळीव पेरले की चार दिवसांत हिरवळ. तळ्याची वाटी मात्र चिखलाच्या आधी बसवायची, कारण नंतर उकरायला गेलं की अख्खा डोंगर खाली येतो. हे मला दादाने शिकवलं. यात दादाच्या हुशारीपेक्षा जुनं काहीतरी आहे, हे मला राजगडावर कळलं.

मी तेव्हा बारा वर्षांची होते. मामा आम्हाला गुंजवण्याहून चोरदरवाजाने वर घेऊन गेला. दम लागलेला, घसा कोरडा पडलेला, त्या लहानशा दरवाजातून वाकून आत शिरलो आणि समोर काय, तर तळं! पद्मावती तळं. राजवाडा नाही, सिंहासन नाही, आधी पाणी. रात्री पद्मावतीच्या देवळात झोपलो. सकाळी मामाने देवळाजवळच्या टाक्यातून, म्हणजे कातळात खोदलेल्या हौदातून, दोरीला बांधून कॅन भरून काढला. डिसेंबरचं पाणी ते, पहिल्या घोटाला दात कळकळले. टाक्याच्या भिंतीवर छिन्नीचे तिरके घाव ओळीने दिसत होते, एकाशेजारी एक, जसे मी कणकेच्या गोळ्यावर बोटं दाबते तसे. मी ताटली विसळायला खाली वाकले, तर एरवी कधी न ओरडणारा मामा केवढ्याने ओरडला, "टाक्यात खरकटं बुडवायचं नाही!"

सह्याद्रीचा खडक काळा आणि कठीण. लाव्हाचे थर एकावर एक थिजून तो झाला आहे. म्हणून आपले डोंगर माथ्यावर सपाट आणि कडेला तुटलेले असतात. हा तुटलेला कातळकडा म्हणजे फुकटची तटबंदी. जिथे कडा नाही, जिथून माणूस चढू शकतो, तिथेच भिंत बांधायची. पण त्याच खडकामुळे अडचणही होते. जून ते सप्टेंबर धो धो पाऊस, आणि तो सगळा कड्यावरून खाली धावतो. पुढचे आठ महिने वर काय प्यायचं? शत्रूने खाली वेढा घातला, तर वरचं धान्य महिनोन्महिने पुरेल, पण पाणी संपलं की चार दिवसांत दार उघडावं लागतं.

म्हणून खडक फोडून टाकी खोदायची. टाक्यातून निघालेला दगड वाया जात नसे, तोच भिंतींना वापरायचा. म्हणजे पाणी साठवायला केलेला खड्डा आणि गड राखणारा बुरूज ही एकाच दगडाची दोन कामं. मला ही गोष्ट फार आवडते, मनू.

रामचंद्रपंत अमात्य शिवाजी महाराजांच्या कारभारात होते. पुढे त्यांनी आज्ञापत्रात, म्हणजे राज्यकारभारावरच्या आपल्या ग्रंथात, लिहून ठेवलं, की गडावर आधी पाणी बघावं आणि मग किल्ला बांधावा. ते आणखी एक सांगतात, ते वाचून मी थक्क झाले होते. गडावर झरा आहे, पाणी पुरतंय, म्हणून निर्धास्त राहू नका. लढाईत तोफांच्या आवाजाने झरे आटतात आणि नेमका तेव्हाच पाण्याचा खर्च वाढतो. म्हणून दोन-चार टाकी जखिऱ्याची, म्हणजे राखीव साठ्याची, म्हणून वेगळी भरून ठेवा, त्यांना हात लावू नका. हे लिहिणाऱ्या माणसाने तहानलेली माणसं जवळून पाहिली असणार.

राजगडाच्या डोंगराचं जुनं नाव मुरुंबदेव. तोरण्यावर सापडलेल्या धनातून तो बांधला असं सांगतात. साधारण पंचवीस वर्षं तिथे राजधानी होती. 1665 च्या पुरंदरच्या तहात महाराजांना मोगलांना 23 किल्ले द्यावे लागले, 12 उरले, त्यांत राजगड होता. 1666 मध्ये आग्ऱ्याहून सुटून ते परत आले ते याच गडावर. राजधानी रायगडाला गेली ती नंतर. गेल्या वर्षी तुला बातमीत दाखवलं ना, 2025 मध्ये युनेस्कोने जागतिक वारशात घेतलेले 12 मराठा किल्ले? त्यांत राजगड आहे, रायगड आहे आणि थेट तमिळनाडूतला जिंजीही आहे.

गडाचा आकार असा: मध्ये उंच बालेकिल्ला आणि त्याच्या तीन बाजूंना पसरलेल्या तीन माच्या, म्हणजे डोंगराच्या खालच्या सपाट सोंडा: पद्मावती, सुवेळा आणि संजीवनी. बालेकिल्ल्यावर, एवढ्या उंचावरसुद्धा, चंद्रकोरीसारखं तळं आहे. त्याला चंद्रतळंच म्हणतात. संजीवनी माचीची तटबंदी दुहेरी आहे. बाहेर एक भिंत, आत दुसरी, आणि मध्ये माणूस जेमतेम जाईल एवढी चिंचोळी वाट. शत्रूने बाहेरची भिंत घेतलीच, तर तो त्या फटीत अडकतो आणि वरून आतल्या भिंतीवरचे लोक त्याला गाठतात. मामाने मला त्या फटीत उभं करून वर बघायला सांगितलं होतं. आकाशाची नुसती एक पट्टी दिसली. तेव्हा पोटात आलेला गोळा मला अजून आठवतो.

तर वाटी आधी पुरली ती यासाठी. महाराजांना पिशवीतून काढायची घाई नाही. मावळ्यांना आधी पाणी, मग भिंती, मग महाराज येतील आणि बालेकिल्ल्यावर बसतील.

इथली माती दुकानातून पिशवीत येते, हलकी आणि भुसभुशीत. ती लाल मातीसारखी धरत नाही, आजच उजवीकडचा बुरूज कलला आहे. उद्या शाळेतून आलीस की बाबांनी तळघरातून आणलेल्या दोन विटा खाली लावू आणि माचीला दुसरी भिंत घालू. दोन्ही भिंतींमध्ये तुझं एक बोट जाईल एवढीच जागा ठेव. आणि अजून एक छोटी वाटी लागेल, ती तूच शोधून आण. ती भरून ठेवायची आणि तिला कुणी हात लावायचा नाही.

तुझी,
आई