आजीचा आवाज आधी टिपून ठेव

परदेशात वाढल्याच्या आठवणी लिहायला घेते आहेस, तर 'ओळखीचा पेच' वगैरे भारदस्त शब्दांपासून मुळीच सुरुवात करू नकोस. मी तेच केलं होतं. चार पानं झाली आणि त्यात घरातलं एकही माणूस नव्हतं!

फोनपासून सुरू कर. हिवाळ्यात भारत न्यू जर्सीच्या साडेदहा तास पुढे, उन्हाळ्यात साडेनऊ. म्हणजे आपली शनिवारची रात्र ही आजीची रविवारची सकाळ. मागे कुकरची शिट्टी, आणि पहिला प्रश्न 'जेवलीस का?'

आजी आहे तोवर तिला बोलतं कर. 'तुझं लहानपण कसं होतं?' विचारलंस तर 'बरं होतं' एवढंच मिळेल. त्यापेक्षा जुना फोटो दाखव आणि कडेला उभी आहे ती कोण, ते विचार. तिला सांगून रेकॉर्ड कर. तिचे शब्द मात्र सुधारू नकोस. माझ्या आजीचं 'फडताळ' मी 'कपाट' करून टाकलं, अजून हळहळते.

अमेरिकेने १९६५ च्या कायद्याने मूळ देशानुसार असलेला कोटा काढला, त्यानंतर आपली बरीच घरं इथे आली. पण तुझे बाबा बॅगेत काय घेऊन उतरले, ते त्यांनाच ठाऊक.

शाळेत डब्याची लाज वाटल्याचा प्रसंग सगळेच लिहितात. तुझ्या बाबतीत खरंच घडला असेल तरच लिही.

आणि मजकूर आधी भावाला दाखव. त्याला तेच सगळं वेगळं आठवत असतं, आणि बहुधा त्यात चूक तुझी असते.