हिवताप, जनुके आणि प्रतिकारशक्ती : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : दोन्ही मुलगे एकाच खोलीत झोपतात. धाकट्याला दोन वर्षांत तीनदा हिवताप झाला, थोरल्याला एकदाही नाही. हे आनुवंशिक असेल का?

उत्तर : काही अंशी असू शकते. केनियातील किलिफीच्या मुलांवरील 2005 च्या अभ्यासात हिवतापाच्या प्रमाणातला साधारण चतुर्थांश फरक आनुवंशिक घटकांमुळे असल्याचे दिसले. मात्र दोन भावांवरून असा निष्कर्ष काढता येत नाही. आधी धाकट्याचे जुने रिपोर्ट पाहा. त्यांत ‘व्हायव्हॅक्स’ ही हिवतापाच्या जंतूची जात असेल आणि यकृतातला जंतू मारणाऱ्या प्रायमाक्विनच्या गोळ्या अर्धवट राहिल्या असतील, तर यकृतात दडून बसलेला जुनाच जंतू पुन्हा डोके वर काढत असण्याची शक्यता अधिक आहे.

प्रश्न : एचएलए जनुकांचा मलेरियाशी काय संबंध आहे?

उत्तर : एचएलए म्हटले की आपल्याला मूत्रपिंडाच्या प्रत्यारोपणाआधी जुळवून पाहिली जाणारी प्रथिने आठवतात, पण त्यांचे मूळ काम पेशीच्या आत शिरलेल्या जंतूचे तुकडे पेशीच्या पृष्ठभागावर आणून मांडणे हे आहे, म्हणजे टी-पेशींना (जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशींना) ते ओळखता येतात. डास चावल्यावर मलेरियाचा जंतू प्रथम यकृतात जातो आणि त्याची फॅल्सिपेरम ही सर्वांत घातक जात तेथे जेमतेम आठवडाभर वाढते. टी-पेशींना तेवढीच संधी असते, कारण पुढे जंतू ज्या तांबड्या पेशींत शिरतो त्यांवर ही प्रथिने जवळजवळ नसतातच. संशोधक एड्रियन हिल आणि सहकाऱ्यांनी 1991 मध्ये गॅम्बियातील मुलांत दाखवून दिले की एचएलए-बी53 हे रूप असलेल्यांना गंभीर मलेरियाचा धोका सुमारे 40 टक्क्यांनी कमी असतो. हे रूप पश्चिम आफ्रिकेत बरेच आढळते, इतरत्र मात्र दुर्मीळ आहे.

त्यानंतर प्रतिकारशक्तीच्या अनेक जनुकांची नावे पुढे आली, परंतु 2014 मध्ये 12 ठिकाणच्या सुमारे 12 हजार रुग्णांच्या नमुन्यांवर 27 जनुकस्थानांची फेरतपासणी झाली, तेव्हा त्यांतील मोजकीच टिकली. आणि टिकलेली बहुतेक तांबड्या पेशींशी निगडित होती. छोट्या अभ्यासांवर विसंबून ‘मलेरियाचे जनुक सापडले’ असे मथळे देण्याची घाई मला म्हणूनच पटत नाही. तरीही प्रतिकारशक्तीचा वाटा नाकारता येत नाही. पश्चिम आफ्रिकेतील बुर्किना फासोमधील फुलानी लोकांना शेजारच्या मोसी जमातीइतकेच डास चावतात आणि सिकलसेलसारखी (तांबड्या पेशींचा आकार बदलणारी) मलेरियापासून संरक्षक जनुकेही त्यांच्यात कमी आहेत. असे असूनही त्यांच्या रक्तात जंतू कमी व प्रतिपिंडे जास्त आढळतात. यामागचे नेमके जनुक अद्याप हाती लागलेले नाही.

प्रश्न : मी गडचिरोलीची. माझा सिकलसेल रिपोर्ट ‘एएस’ आहे. मला मलेरिया होणार नाही ना?

उत्तर : होऊ शकतो. ‘एएस’ म्हणजे सिकलसेलचे एकच जनुक असलेले वाहक. वाहकांना गंभीर फॅल्सिपेरमपासून सुमारे 90 टक्के संरक्षण मिळते, पण जंतूची लागण टळतेच असे नाही. म्हणून मच्छरदाणी सोडू नका आणि ताप आला की रक्त तपासून घ्या. ‘एसएस’ (दोन्ही जनुके सिकलसेलची असलेल्या) रुग्णाला मलेरिया झाला तर तो अधिक धोकादायक ठरतो, हेही घरच्यांना सांगून ठेवा.

प्रश्न : मुलगा नोकरीसाठी नायजेरियात लागोसला निघाला आहे. जनुकीय चाचणी करावी का?

उत्तर : एचएलएची नको, तिच्या निकालाने उपचारात काहीच बदलत नाही. जी6पीडीची चाचणी मात्र उपयोगी आहे, कारण या एन्झाइमची कमतरता असलेल्यांच्या तांबड्या पेशी प्रायमाक्विनमुळे फुटतात. तिथे फॅल्सिपेरमच मुख्य आहे, तेव्हा प्रतिबंधक गोळ्या निघण्यापूर्वीच डॉक्टरांच्या सल्ल्याने सुरू कराव्यात. परतल्यावर काही महिन्यांत ताप आल्यास त्याच दिवशी रक्त तपासावे आणि डॉक्टरांना नायजेरियाचा उल्लेख आवर्जून करावा.