पोहण्याचा संघ बंद केला, पण वाचलं किती?

(अमेरिकेतल्या विद्यापीठांच्या खेळांविषयी वाचकांनी पाठवलेले प्रश्न. उत्तरं देणाऱ्या लेखिकेने तिथल्या एका सरकारी विद्यापीठाच्या क्रीडा विभागात हिशेबाचं काम केलं आहे. करोनाच्या वर्षातही त्या तिथेच होत्या.)

प्रश्न : माझी पुतणी अमेरिकेत कॉलेजच्या संघातून पोहायची. 2020 मध्ये 'करोनामुळे पैसे नाहीत' असं सांगून संघ बंद करण्यात आला. त्याच विद्यापीठाच्या (अमेरिकन) फुटबॉलच्या मैदानात सत्तर हजार माणसं मावतात. पैसे खरंच नव्हते का?

नव्हते, हे खरं. संघ बंद करून ते आले, हे मात्र मला अजून कुणी कागदावर दाखवलेलं नाही.

एवढं मोठं मैदान म्हणजे गाठीला शिल्लक असणार, असं बाहेरून वाटतं. तसं काही नसतं. क्रीडा विभागाला मालक नाही, भागधारक नाहीत, नफा कुणाला वाटायचा नाही. त्यामुळे येईल तेवढं त्याच वर्षी खर्चून मोकळं व्हायचं, अशी रीत. शेजारच्या राज्यातल्या विद्यापीठाने नवी लॉकर रूम बांधली की आपल्यालाही हवी. प्रशिक्षकाला त्यांच्यापेक्षा चार पैसे जास्त द्यायला हवेत. मैदानासाठी काढलेल्या रोख्यांचे हप्ते वर्षानुवर्षं चालतात, आणि प्रेक्षक आले नाहीत म्हणून ते कुणी माफ करत नाही. मोठ्या विद्यापीठांत जमा बाजूला बहुतेक सगळं फुटबॉलचंच असतं: तिकिटं, चांगली खुर्ची मिळावी म्हणून घेतली जाणारी देणगी, कॉन्फरन्सकडून (म्हणजे आपसात सामने खेळणाऱ्या विद्यापीठांच्या गटाकडून) येणारा टीव्हीचा वाटा. पुरुषांचं बास्केटबॉल थोडंफार कमावतं. बाकीचे खेळ या दोघांच्या जिवावर चालतात.

11 ऑगस्ट 2020 ला बिग टेन कॉन्फरन्सने फुटबॉलचा हंगाम पुढे ढकलला आणि दहाच दिवसांत त्यातल्याच आयोवा विद्यापीठाने चार संघ बंद करत असल्याचं जाहीर केलं: पुरुषांचं जिम्नॅस्टिक्स, पुरुषांचं टेनिस आणि पुरुष व महिला दोन्हींचं जलतरण. 10 कोटी डॉलरचं उत्पन्न बुडेल आणि 6 ते 7.5 कोटींची तूट येईल, असा त्यांचा अंदाज होता. पुढे 16 सप्टेंबरला बिग टेनने निर्णय फिरवला, ऑक्टोबरअखेर रिकाम्या मैदानांत फुटबॉल सुरू झालं, टीव्हीचे पैसेही आले. संघांबद्दलचा निर्णय मात्र तसाच राहिला. महिलांचं जलतरण वाचलं ते मुली कोर्टात गेल्या म्हणून. 1972 चा टायटल नाइन कायदा मुलामुलींना खेळाची समान संधी द्यायला सांगतो, त्याच्या आधारावर.

याउलट ओहायो स्टेट विद्यापीठ पाहा. त्यांचं वर्षाचं उत्पन्न 23 कोटी डॉलरवरून 11 कोटींच्या आत आलं, तूट 6 कोटींच्या वर गेली. छत्तीस खेळांपैकी एकही त्यांनी बंद केला नाही.

आता जलतरणाचा हिशेब. हा भाग जरा सावकाश वाचा, कारण सगळी गंमत इथेच आहे. त्या वेळच्या नियमाप्रमाणे पुरुषांच्या जलतरण संघाला जास्तीत जास्त 9.9 पूर्ण शिष्यवृत्त्या देता येत. (ही दशांश चिन्हाची मेहेरबानी बघून मला पहिल्यांदा हसूच आलं होतं.) संघात समजा तीस मुलं आहेत. ही 9.9 शिष्यवृत्ती तुकडे करून तिसांत वाटली जाते: कुणाला पाव, कुणाला निम्मी, कुणाला काहीच नाही. म्हणजे वीस मुलांएवढी फी घरून येते. फी वर्षाला तीस हजार डॉलर धरा, ही झाली सहा लाखांची जमा. ती क्रीडा विभागाच्या वहीत दिसत नाही, कारण ती विद्यापीठाच्या खात्यात जाते. विभागाच्या वहीत उरलेल्या 9.9 शिष्यवृत्त्या तेवढ्या 'खर्च' म्हणून दिसतात, आणि ते पैसेही जातात त्याच विद्यापीठाच्या फी खात्यात. या खिशातून त्या खिशात. खऱ्या अर्थाने बाहेर जाणारा पैसा म्हणजे प्रशिक्षकांचा पगार, प्रवास, हॉटेल, पोशाख. त्यातल्या प्रवासाला त्या वर्षी तसंही कुलूपच होतं.

स्टॅनफर्डसारख्या ठिकाणी, जिथे एका जागेसाठी रांग लागते, पोहणारा मुलगा गेला तर दुसरा फी भरणारा लगेच येतो. तिथे हा हिशेब लागू नाही. पण ज्या सरकारी विद्यापीठांत वर्गातल्या जागा रिकाम्या राहतात, तिथे संघ बंद करणं म्हणजे फी भरणारं गिऱ्हाईक घालवणं. आमच्याकडे बंद करायच्या खेळांची यादी तयार झाली, तेव्हा मी त्यात 'विद्यापीठाला येणारी फी' असा एक रकाना वाढवून दिला होता. पुढच्या बैठकीच्या कागदांत तो रकाना नव्हता.

माझं मत स्पष्ट सांगते: अनेक ठिकाणी ही यादी करोनाच्या आधीपासून कुणाच्या तरी टेबलाच्या खणात होती. एप्रिल 2020 मध्ये, फुटबॉलचा एकही सामना बुडालेला नसताना, पाच मध्यम कॉन्फरन्सेसच्या आयुक्तांनी एनसीएएकडे (विद्यापीठांच्या खेळांचे नियम ठरवणाऱ्या राष्ट्रीय संस्थेकडे) मागणी केली होती की किमान सोळा खेळ चालवायची अट चार वर्षं शिथिल करा. सरसकट सूट एनसीएएने नाकारली. स्टॅनफर्डने 8 जुलैला छत्तीसपैकी अकरा खेळ बंद करायचं जाहीर केलं. तीन वर्षांत जवळपास 7 कोटी डॉलरची तूट येईल म्हणून. त्या विद्यापीठाचा निधी 2,700 कोटी डॉलरच्या वर होता. मार्च 2021 मध्ये तिथला कुस्तीगीर शेन ग्रिफिथ विद्यापीठाचं नाव नसलेला काळा पोशाख घालून राष्ट्रीय विजेता झाला, माजी खेळाडूंनी रान उठवलं, आणि मे महिन्यात अकराच्या अकरा खेळ परत आले. विल्यम अँड मेरी कॉलेजने सात खेळ बंद करण्याचं जे पत्र काढलं, त्यातली बरीच वाक्यं स्टॅनफर्डच्या पत्रातली निघाली. कपात करताना भाषेचासुद्धा खर्च नको! तिथल्या क्रीडा संचालकांना पद सोडावं लागलं आणि सातही खेळ परत आले.

प्रश्न : त्याच हिवाळ्यात फुटबॉलच्या प्रशिक्षकांना काढून टाकताना कोट्यवधी डॉलर दिले गेले असं वाचलं. ते कुठून आले?

साउथ कॅरोलायना विद्यापीठाने नोव्हेंबर 2020 मध्ये विल मशँप यांना काढलं, देणं सुमारे 1.3 कोटी डॉलर. ऑबर्नने डिसेंबरमध्ये गस मल्झान यांना काढलं, देणं 2 कोटी 14 लाख, त्यातलं निम्मं तीस दिवसांत. याला बायआउट म्हणतात. करार करतानाच लिहून दिलेलं असतं, त्यामुळे देणं टाळता येत नाही. टाळता येतं ते काढणं.

असे पैसे बहुतेक वेळा मोठे देणगीदार उभे करतात. प्रशिक्षक नको झाला की त्यांचे फोन सुरू होतात, आणि तलावाच्या दुरुस्तीसाठी वर्षभर न उघडलेलं चेकबुक आठवड्यात उघडतं. विभागाचं म्हणणं असं की संघ हरत राहिला तर पुढच्या वर्षीची सीझन तिकिटंच विकली जाणार नाहीत, म्हणून हा खर्च नव्हे, गुंतवणूक आहे. त्यात तथ्य अजिबात नाही असं म्हणणार नाही. पण त्याच महिन्यांत आम्हा कचेरीतल्या लोकांना सक्तीची बिनपगारी रजा मिळत होती, त्यामुळे 'गुंतवणूक' हा शब्द ऐकून आमच्यापैकी कुणाला फारसा उत्साह वाटला नाही.

प्रश्न : स्पर्धा रद्द झाली तर म्हणून एनसीएएने विमा काढला होता ना?

होता, पण एनसीएएचा. 12 मार्च 2020 ला बास्केटबॉलची राष्ट्रीय स्पर्धा रद्द झाली. एनसीएएचं बहुतांश उत्पन्न या एका स्पर्धेच्या टीव्ही हक्कांचं. विम्याचे 27 कोटी डॉलर मिळाले, तरी पहिल्या श्रेणीतल्या विद्यापीठांना वाटायची रक्कम ठरलेल्या 60 कोटींवरून 22.5 कोटींवर आली. फुटबॉलवर जगणाऱ्यांना हा ओरखडा होता, लहान विद्यापीठांना घाव. त्यांचा आणखी एक आधार त्या जुलैमध्ये गेला: मोठ्या विद्यापीठाच्या मैदानावर जाऊन हरून यायचं आणि त्याचे दहा लाखांच्या आसपास डॉलर घरी आणायचे, हा ठरलेला व्यवहार. बिग टेन आणि पॅक-12 या कॉन्फरन्सेसनी 'फक्त आपसात खेळू' म्हटलं आणि ते सामनेच रद्द झाले.

प्रश्न : मुलाला टेनिससाठी तिकडे पाठवायचं आहे. काय विचारून घ्यावं?

संघ बंद झाला तर पदवीपर्यंत शिष्यवृत्ती चालू राहील का, हे लेखी घ्या. 2020 मध्ये अनेकांनी ती चालू ठेवली, पण तोंडी शब्दावर जाऊ नका. जून 2025 च्या न्यायालयीन तडजोडीनंतर विद्यापीठं खेळाडूंना थेट पैसे देऊ शकतात, पहिल्या वर्षी 2.05 कोटी डॉलरपर्यंत. त्यातला मोठा हिस्सा फुटबॉलकडे जाणार, म्हणजे लहान खेळांवर पुन्हा तोच ताण.

दुसरं, क्रीडा विभागाचा वार्षिक जमाखर्च अमेरिकेच्या शिक्षण खात्याच्या संकेतस्थळावर सगळ्यांना फुकट पाहता येतो. जमा आणि खर्च अगदी डॉलरपर्यंत सारखे दिसले तर हिशेब चोख आहे असं समजू नका. तूट भरायला विद्यापीठाने घातलेली रक्कम आणि विद्यार्थ्यांकडून घेतलेली क्रीडा फी, दोन्ही तिथे जमेतच धरलेली असतात. ती किती, हे प्रशिक्षकाला विचारून उपयोग नाही, त्याला माहीत नसतं. विद्यापीठ सरकारी असेल तर माहितीचा अर्ज करून सविस्तर अहवाल मागवता येतो.