१० चे हेड बोल्ट काढून १२ चे स्टड बसवायचे असतील तर

प्रश्न थोडक्यात असा: बिडाचा चार सिलिंडरचा इंजिन ब्लॉक, टर्बोचा (सिलिंडरमध्ये जोराने हवा भरणाऱ्या यंत्राचा) दाब वाढवला की हेड (ब्लॉकवरचं झाकण) उचलतं आणि गॅस्केट (दोघांमधलं सील) जातं. म्हणून एम १० × १.५ चे (१० मिमी व्यास, आट्यांमधलं अंतर १.५ मिमी) आटे काढून एम १२ × १.७५ चे स्टड (दोन्ही टोकांना आटे असलेल्या, वरून नट लावायच्या दांड्या) घरीच, हातातल्या ड्रिलने बसवता येतील का?

हातातल्या ड्रिलने नाही. जिग (ड्रिल सरळ धरणारा साचा) बनवून येतील. पण आधी हे मोठं काम खरंच करायला हवं का, ते बघा. एम १० चं ताण घेणारं क्षेत्रफळ ५८ चौरस मिमी, एम १२ चं ८४. म्हणजे साधारण ४५ टक्के फायदा. १०.९ दर्जाच्या बोल्टची ताकद १०४० मेगापास्कल धरतात, आणि चांगल्या मिश्रधातूचे स्टड १४००-१५०० पर्यंत जातात. म्हणजे १० चेच पण भारी स्टड घेतले तर ब्लॉकला हात न लावता जवळपास तेवढंच मिळतं. मी आधी तेच सुचवेन. आटे आधीच खराब झाले असतील किंवा भारी स्टड लावूनही हेड उचलत असेल, तरच ड्रिल हातात घ्या.

घ्यायचंच ठरलं तर भोकाच्या आजूबाजूला काय आहे ते आधी तपासा. प्रत्येक भोकाची भिंत चोहोबाजूंनी १ मिमीने पातळ होणार. वॉटर जॅकेट (ब्लॉकमधली पाण्याची पोकळी) किती जवळ आहे ते कोअर प्लगच्या (ब्लॉकच्या बाजूच्या बुचाच्या) भोकातून वाकवलेली तार घालून चाचपता येतं. भिंतीची जाडी मोजणारं अल्ट्रासॉनिक गेज मिळालं तर फारच उत्तम. बऱ्याच इंजिनांत हेडला जाणारं ऑइल एखाद्या बोल्टच्या भोवतालच्या फटीतून वर चढतं. तिथे जाड स्टड आला की फट बुजते आणि कॅमशाफ्ट (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) कोरडा पडतो. पोकळ डॉवेलमधून (हेड नेमकं जागेवर बसवणाऱ्या पिनेतून) जाणाऱ्या बोल्टांचंही तसंच: डॉवेलचा आतला व्यास १२ पेक्षा जास्त हवा. हेडची भोकं १३ मिमी करावी लागतील, गॅस्केटचीही, आणि नट-वॉशर हेडमधल्या खळग्यात बसतात का हे आधीच ठेवून बघा.

आता हातातलं ड्रिल का नको. स्टड डेकच्या (ब्लॉकच्या वरच्या सपाट पृष्ठभागाच्या) वर १०० मिमी येत असेल आणि भोक फक्त १ अंशाने कललं, तर स्टडचं टोक पावणेदोन मिलिमीटर सरकतं. हेडच्या १३ च्या भोकात १२ च्या स्टडभोवती मोकळी जागा अर्ध्या मिलिमीटरचीच. हेड खाली उतरणारच नाही, आणि ठोकून उतरवलं तर स्टड कायम वाकलेला राहील. २५ मिमी जाड लोखंडी प्लेट घ्या, ती ब्लॉकच्या डॉवेलवर बसवा, शेजारच्या भोकांतून बोल्टने आवळा आणि कामाच्या भोकावर कडक केलेला ड्रिल बुश (ड्रिलला सरळ वाट देणारी नळी) ठेवा. प्लेटची भोकं मात्र मिलिंग मशीनवरच पाडून घ्या, कारण तिथली चूक प्रत्येक भोकात उतरते.

आधी ९.५, मग १०.२ मिमीचं ड्रिल, वेग ४००-५०० आरपीएम. एकदम १०.२ घातलं तर ड्रिल जुन्या आट्यांत अडकून स्वतःच खाली ओढलं जातं. मूळ १० चे आटे १०.२ मध्ये पूर्ण निघून जातात. ११ वरून १२ करणाऱ्यांना ही सोय नसते: त्यांचे जुने आटे भिंतीत शिल्लक राहतात आणि नवे आटे तुकड्यातुकड्यांचे होतात. खोली मूळ भोकाइतकीच ठेवा, डेप्थ स्टॉप लावूनच.

वरच्या टोकाला १२.५ मिमीचं काउंटरबोर (तोंडाशी बिनआट्याचं रुंद भोक) करा, मूळ ब्लॉकमध्ये असेल तेवढंच खोल. हे बरेच जण विसरतात. आटा अगदी डेकपर्यंत आला तर स्टड आवळताना पहिला आटा वर खेचला जातो, भोकाभोवती बारीक कड उभी राहते आणि नेमकी तिथेच गॅस्केट गळते. सरळपट्टी ठेवून उजेडाकडे धरलं की कड दिसते.

टॅप (आटे पाडायचं हत्यार) पहिला, दुसरा, तिसरा असे क्रमाने, पहिला बुशमधूनच. अर्धा फेरा पुढे, पाव मागे. बिडात तेल नसलं तरी चालतं, पण बंद भोकात तळाशी चुरा साचला की टॅप मोडतो, म्हणून सारखी हवा मारा. बिडात आट्यांची लांबी किमान १८ मिमी मिळायला हवी. भोक पाण्यात उघडत असेल तर स्टडच्या आट्यांना सीलंट लावा. स्टड बोटांनी तळापर्यंत गेला पाहिजे. तो तिथे आवळायचा नाही, हातानेच बसवायचा.

टॉर्कचा (आवळण्याच्या जोराचा) जुना आकडा वापरू नका. त्याच टॉर्कला जाड स्टडचा दाब उलट कमी मिळतो, १० वरून १२ ला सुमारे १७ टक्क्यांनी. स्टड बनवणाऱ्याने दिलेला आकडा, त्यांचंच वंगण, तीन टप्पे. स्टडचा दाब वाढला की सिलिंडरची बोअर थोडी वेडीवाकडी होते, म्हणून होनिंग (बोअरची आतली घासाई) टॉर्क प्लेट (हेडच्या जागी आवळायची जाड प्लेट) लावून, याच स्टडने आणि याच टॉर्कला करून घ्या. डेकचं सरफेसिंगही ड्रिलिंग झाल्यावरच.