ऑपरेशननंतर बीपी खाली आलं म्हणजे ऑपरेशन फसलं काय?

गेल्या पावसाळ्यात खानापूर भागातल्या एक बाई आल्या होत्या, सोबत धाकटी जाऊ. किडनीच्या वर ॲड्रिनल म्हणून छोटी ग्रंथी असते, तिच्यातली गाठ काढून दोन महिने झालेले. बसल्या बसल्या म्हणाल्या, "मॅडम, आधी बीपी 180 असायचं, आता 90 च्या वर जाईना, ऑपरेशन फसलं की काय ओ?"

घरच्यांचं म्हणणं की भीतीनं होतंय, म्हणून माझ्याकडं समुपदेशनाला आणलेलं. पण बाई सांगत होत्या की उठलं की डोळ्यापुढं अंधारी, मळमळ, जेवण नको वाटतं, मीठ घातलेली पेज तेवढी जाते. हे ऐकून मी भीतीचं बाजूला ठेवलं आणि विचारलं, गोळ्या कुठल्या चालू आहेत? जावेनं मान खाली घातली. स्टिरॉईडनं हाडं ठिसूळ होतात असं शेजारी कुणी सांगितलं, म्हणून आठवडाभर तिनंच गोळी बंद ठेवली होती.

त्यांची गाठ कॉर्टिसोल, म्हणजे शरीर स्वतः बनवतं ते स्टिरॉईड, जास्त बनवायची, त्यामुळं दुसऱ्या बाजूची चांगली ग्रंथी कामच नसल्यानं झोपलेली. गाठ गेली तरी ती लगेच जागी होत नाही, महिने लागतात, कधी वर्षाच्या वर, आणि कॉर्टिसोलशिवाय बीपी टिकत नाही. तोवर ती गोळी म्हणजे शरीराला जे कमी पडतंय तेवढंच भरून देणं. एकदम बंद केली आणि त्यात ताप, उलटी आली तर जिवावर बेततं.

मी समुपदेशन तिथंच थांबवून त्यांच्या डॉक्टरांना फोन लावला, त्याच दुपारी इंजेक्शन आणि सलाईन लागलं.

पुढच्या वेळी मी जास्त वेळ जावेशीच बोलले. तिनं मायेनंच केलं होतं ओ, तिला रागावून काय मिळणार? डॉक्टरांनी सांगितलेलं तिच्याकडनं परत वदवून घेतलं: ताप आला तर डोस दुप्पट, उलटीत गोळी पोटात ठरली नाही तर वाट न बघता सरळ इंजेक्शनला जायचं, आणि गोळी कमी कधी करायची ते सकाळी 8 च्या कॉर्टिसोल टेस्टवर डॉक्टर ठरवणार. हे मात्र ह्या बाईंचं. गाठ वेगळी असली, समजा आल्डोस्टेरॉन (अंगात मीठ धरून बीपी वाढवणारं हार्मोन) बनवणारी, तर बीपी पडायचं कारण जुन्या बीपीच्या गोळ्या तशाच चालू राहिल्या हेही असू शकतं, म्हणून दुसऱ्याची चिठ्ठी बघून आपली गोळी बदलू नका.

आता बाईंच्या पर्समध्ये एक कार्ड असतं, स्टिरॉईडवर आहे, इंजेक्शन लागेल असं लिहिलेलं. 108 वर येणारा माणूस कन्नड बोलणारा असेल तर म्हणून जावेच्या पोरानं एका बाजूला कन्नडमध्ये आणि एका बाजूला मराठीत लिहून दिलंय.